थ्री-ऑन-थ्री आइस हॉकी

प्रत्येक संघाचे तीन खेळाडू आणि एक गोलरक्षक एवढ्यांनीच बर्फावर उतरून खेळायचा आइस हॉकीचा छोटा प्रकार. नेहमीच्या सामन्यात गोलरक्षक धरून सहा-सहा जण असतात, इथे चार-चार. २०२० च्या लोझान युवा ऑलिंपिकमध्ये या प्रकारात पहिल्यांदा पदके दिली गेली आणि मुख्य हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याला जागा द्यावी का, हा प्रश्न पुढे आला. ज्या शहरांत पूर्ण मापाची बर्फाची रिंक नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न जास्त जवळचा आहे. मुंबई त्यातलीच एक.

एकच नाव, दोन खेळ

हे नाव दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतात आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे बरोबरीतल्या सामन्याचा जादा वेळ. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगने २०१५-१६ च्या हंगामापासून साखळी सामन्यांचा जादा वेळ तीन-तीन खेळाडूंवर आणला. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या (आयआयएचएफ) स्पर्धांतही तो पुढे रुळला. २०२१ मध्ये पुरुष आणि महिला या दोन्ही जागतिक स्पर्धांच्या अंतिम लढती त्याच वेळेत निकाली निघाल्या. रिगात निक पॉलच्या गोलवर कॅनडाने फिनलंडला आणि कॅलगरीत मारी-फिलिप पुलँच्या गोलवर कॅनडानेच अमेरिकेला ३-२ असे हरवले. पुलँचा फटका आडव्या दांड्याच्या आतल्या बाजूला लागून इतक्या झटक्यात बाहेर आला, की खेळ थांबलाच नाही. व्हिडिओ पाहून भोंगा वाजवला तेव्हा सुवर्णपदक ठरल्याचे कळले.

दुसरी गोष्ट म्हणजे आडव्या रिंकवरचा खेळ. यात गोलच्या चौकटी रिंकच्या दोन टोकांना न ठेवता लांबीच्या दोन कडांशी समोरासमोर ठेवतात आणि रिंकचा एक तृतीयांश भागच वापरतात.

फरक आकड्यांत पाहावा. ६० मीटर बाय ३० मीटरची रिंक धरली, तर १,८०० चौरस मीटरवर गोलरक्षक सोडून दहा खेळाडू, म्हणजे दर खेळाडूमागे १८० चौरस मीटर. जादा वेळेत तेवढ्याच बर्फावर सहा जण उरतात आणि जागा ३०० चौरस मीटर होते. आडव्या रिंकवर मात्र ३० बाय सुमारे २० मीटर, म्हणजे ६०० चौरस मीटरमध्ये सहा जण: दर माणशी १००. पहिल्या प्रकारात मोकळीक वाढते, दुसऱ्यात गर्दी. त्यामुळे दोन्हींतले कसबही वेगळे. मोठ्या बर्फावर पक (चेंडूच्या जागी असणारी रबरी चकती) हातातून जाऊ न देणे हेच निम्मे यश असते. मनासारखी फट दिसली नाही, की संघ पक घेऊन थेट आपल्या भागात मागे येतो आणि पुन्हा मांडणी करतो. प्रेक्षक वैतागतात, पण नियमात बसते. आडव्या रिंकवर मागे यायला जागाच नसते. पक हिसकावल्यापासून दोन-तीन सेकंदांत फटका बसतो आणि गोलरक्षकाला उसंत मिळत नाही.

स्वतंत्र ऑलिंपिक स्पर्धा करायची, तर ती या दुसऱ्या प्रकाराचीच करण्यात अर्थ आहे. पहिला प्रकार प्रत्येक लांबलेल्या सामन्यात आत्ताही दिसतोच.

रिंक आडवी लावताना

कागदावर सोपे वाटणारे हे काम प्रत्यक्षात बरेच अवघड आहे, कारण रिंकची सगळी रचना लांबीच्या दिशेने खेळण्यासाठी केलेली असते.

सगळ्यात गंभीर प्रश्न सुरक्षेचा. रिंकभोवतीची संरक्षक काच दोन्ही टोकांना उंच आणि लांबीच्या कडांना कमी उंच असते. वरची जाळी मुख्यतः टोकांना लावतात, कारण फटके तिकडेच जातात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबस शहरात पक लागून तेरा वर्षांच्या प्रेक्षक मुलीचा जीव गेला, त्यानंतर एनएचएलने टोकांना जाळी सक्तीची केली. गोल आडवे लावले, की १५६ ते १७० ग्रॅम वजनाचा, गोठवून दगडासारखा केलेला रबरी पक नेमका कमी काचेच्या बाजूला उडू लागतो. मधला पट्टा वापरला, तर खेळाडूंची बाकेही गोलच्या मागेच येतात आणि बाकांपुढे काच नसते. म्हणून टोकाचा पट्टा निवडणे शहाणपणाचे. मधलाच घ्यावा लागला, तर बाके हलवणे आणि तात्पुरती जाळी टांगणे टाळू नये.

दुसरी अडचण गोलच्या चौकटीची. १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच ही चौकट एरवी बर्फात भोक पाडून त्यात बसवलेल्या लवचीक खुंट्यांवर उभी असते. आडव्या मांडणीत त्या जागी भोके नसतात. नुसती ठेवलेली चौकट गोलरक्षकाचा पाय टेकला तरी सरकते आणि दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजते. नवी भोके पाडताना खालच्या थंड द्रवाच्या नळ्यांचा नकाशा समोर हवा, कारण एक नळी फुटली तर अख्खी रिंक बंद पडते. सरावापुरते दांड्यांच्या बुडाशी पाणी ओतून ते गोठू देतात. सामन्याला तेवढे पुरत नाही.

तिसरी अडचण कोपऱ्यांची. रिंकचे मूळ कोपरे गोलाकार असतात, त्यामुळे पक भिंतीला घासत फिरतो. वापरायचा भाग उरलेल्या रिंकपासून वेगळा करणारा दुभाजक जिथे कडेला मिळतो तिथे काटकोन होतो. पक त्यात रुततो आणि त्याच्यामागे चार काठ्या. तिथे छोटे वळणदार तुकडे बसवावे लागतात. दुभाजक फोमचे असतील तर पक त्यांवर आपटून मरतो, उसळत नाही. शिवाय त्यांना बांधणारे पट्टे ढिले राहिले तर धक्क्यागणिक मैदान अरुंद होत जाते. कडक प्लॅस्टिकचे दुभाजक बरे, पण ते लावायला आणि काढायला माणसे जास्त लागतात.

खेळ आणि नियम

आडव्या रिंकवर हल्ल्याचा भाग दाखवणाऱ्या निळ्या रेषा उपयोगाच्या राहत नाहीत, त्यामुळे ऑफसाइड (पकच्या आधी त्या भागात शिरण्याचा दोष) सहसा नसते. शिक्षा झालेल्या खेळाडूला बाहेर बसवून तिनावर दोन असा सामना खेळवण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी फटका देणे सोयीचे ठरते. अनेक स्पर्धांत ठरावीक वेळाने भोंगा वाजतो आणि बर्फावरच्या साऱ्यांनी बदलायचे असते. खेळाडू बदलण्याची ही शिस्त पहिल्यांदा खेळणाऱ्यांना सर्वांत जड जाते. भोंगा झाल्यावरही पकला हात लावणारा, किंवा आधीच्या तिघांतला एक जण आत असताना उडी मारणारा, फुकटची पेनल्टी देऊन बसतो.

युवा ऑलिंपिकमधील वाटचाल

लोझानच्या आधीच्या युवा खेळांत, २०१२ ला इन्सब्रुक आणि २०१६ ला लिलेहॅमर इथे, वैयक्तिक कौशल्यांची स्पर्धा होती. लोझानला तिची जागा तीन-तीनच्या स्पर्धेने घेतली. वेगवेगळ्या देशांचे खेळाडू एकत्र करून मुलांचे आठ आणि मुलींचे आठ संघ केले, प्रत्येकी तेरा जणांचे, आणि त्यांना रंगांची नावे दिली. मुलांत हिरवा, मुलींत पिवळा संघ जिंकला. पिवळ्या संघात मेक्सिकोची लुईसा विल्सन होती. बर्फावरच्या खेळाशी ज्या देशाचे नाव कुणी जोडत नाही, त्याची मुलगी सुवर्णपदक घेऊन गेली, यातच या प्रकाराची ताकद दिसते. २०२४ च्या गँगवॉन खेळांत संघ देशांच्या नावाने उतरले. मुलांत लाटव्हियाने, मुलींत हंगेरीने बाजी मारली.

समावेशाचा हिशेब

मुंबईचा या विषयाशी थेट संबंध येतो तो इथे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१वे अधिवेशन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये भरले. लॉस एंजेलिस २०२८ साठी टी-ट्वेंटी क्रिकेटला तिथेच मंजुरी मिळाली, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच यादीत सहा-सहा जणांचे लॅक्रोस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) आणि पाच-पाच जणांचे फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलचा प्रकार) होते, हे फारसे कुणी लक्षात घेतले नाही. दोन्ही मोठ्या खेळांच्या छोट्या आवृत्त्या. २०३० आणि २०३४ या दोन हिवाळी ऑलिंपिकचे यजमान एकदमच निवडायचे, हेही तत्त्वतः इथेच ठरले. पुढे २०२४ मध्ये ते यजमानपद फ्रेंच आल्प्स आणि सॉल्ट लेक सिटी-युटा यांना मिळाले.

लॅक्रोसला खेळ म्हणून दारातून आत यायचे होते, म्हणून अधिवेशनाचे मत लागले. आइस हॉकी आधीच आत आहे. तिच्यात आणखी एक स्पर्धा वाढवणे हा ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाच्या अखत्यारीतला निर्णय असतो. तीन-तीनच्या बास्केटबॉलने हीच वाट धरली: २०१० च्या सिंगापूर युवा खेळांत प्रयोग, २०१७ मध्ये निर्णय, टोकियोत पदके.

अडते ते खेळाडूंच्या संख्येवर. मिलान-कोर्तिना २०२६ साठी पुरुषांचे १२ संघ प्रत्येकी २५ जणांचे आणि महिलांचे १० संघ प्रत्येकी २३ जणांचे ठरले, म्हणजे ५३० खेळाडू. तेरा जणांचे आठ-आठ संघ वाढवले, तर आणखी २०८. टोकियोत तीन-तीनच्या बास्केटबॉलला चार जणांचे आठ-आठ संघ, मिळून ६४ जण पुरले होते. हॉकीत एवढी काटछाट जमणार नाही. पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग केल्यावर खेळाडूला बसावेच लागते आणि राखीव गोलरक्षक नसेल तर एका दुखापतीत सामना संपतो. आळीपाळीने उतरणाऱ्या तीन-तीनच्या तीन फळ्या आणि दोन गोलरक्षक, म्हणजे ११, हा व्यवहार्य तळ. शिवाय मोठ्या देशांनी त्याच खेळाडूंना दोन्हीकडे उतरवू नये असे बंधन घातले नाही, तर छोट्या देशांसाठी उघडलेले दार पुन्हा बंद होईल.

मुंबईतील शक्यता

भारत १९८९ पासून आयआयएचएफचा सदस्य आहे. खेळाचे बळ लडाखात आणि हिमाचलात. गोराईच्या एस्सेल वर्ल्डमध्ये बर्फावर स्केटिंगची सोय होती, पण ती मौजेपुरती. चारही बाजूंनी जाळी लावलेल्या टर्फवर रात्री बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्या या शहराला छोट्या जागेत मोठा खेळ बसवणे नवे नाही. बर्फाचा हिशेबही तसाच मांडावा. तीन सेंटिमीटर जाडीच्या बर्फाला पूर्ण रिंकसाठी ५४,००० लिटर पाणी लागते, ६०० चौरस मीटरला १८,०००. दहा हजार लिटरचे टँकर धरले, तर साडेपाच ऐवजी दोनपेक्षा कमी. हे पाणी एकदम ओतत नाहीत, पातळ थरांत फवारतात. एकदम ओतले तर हवा अडकून बर्फ दुधाळ आणि ठिसूळ होतो.

पाण्यापेक्षा अवघड आहे ती हवा. हॉकीच्या बर्फाचा पृष्ठभाग उणे ५ ते उणे ६ अंशांवर लागतो आणि जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते) २५ अंशांच्या आसपास असतो. दार उघडे राहिले, की बर्फावर धुके धरते, थंड छतावर थेंब जमतात आणि खाली पडून गोठतात. मग गुळगुळीत बर्फावर वाटाण्याएवढे उंचवटे येतात आणि पक त्यांवरून उड्या मारत जातो. उपाय तीन: ओलावा शोषणारे यंत्र शीतयंत्राच्या आधी सुरू करणे, आत येताना दुहेरी दार ठेवणे आणि छताला आतून चकचकीत, उष्णता कमी सोडणारा पत्रा किंवा कापड लावणे. छताची उष्णता खाली बर्फावर पडते, हे बरेच जण विसरतात आणि वीजबिल आल्यावर शीतयंत्राला दोष देतात.

बर्फ नसेल तोवर मुंबईचा खेळाडू इनलाइन स्केटवर (एका रांगेत चाके असलेल्या बुटांवर) तयार होतो. पकवरची पकड आणि नजर तिथे उत्तम घडते. थांबणे मात्र घडत नाही. चाकांवर वळण घेत वेग मारायची सवय लागते, तर बर्फावर दोन्ही पाती आडवी टाकून जागच्या जागी थांबावे लागते, आणि २० मीटर रुंदीत तर सतत. म्हणून बर्फावरच्या पहिल्या काही तासांत काठी बाजूला ठेवून दोन्ही बाजूंना थांबण्याचाच सराव करावा. बहुतेकांची डावी किंवा उजवी यातली एक बाजू कच्ची निघते. लेहला खेळायला जाणाऱ्यांनी आणखी एक धरून चालावे: समुद्रसपाटीवरून ३,५०० मीटरवर गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस विश्रांतीचे, आणि त्यानंतरही बर्फावरची प्रत्येक खेप मुंबईतल्यापेक्षा आखूड ठेवायची.