टाळूवरचं तेल मेंदूत जात नाही

जळगाव-धुळ्याकडे बाळाची टाळू भरताना घरातली जुनी माणसं म्हणतात, ‘तेल जिरलं, मेंदूला पोचलं.’ याच समजापोटी लकवा झालेल्याच्या डोक्यावरही तेल चोळत बसतात आणि दवाखान्याला उशीर होतो. मला काळजी आहे ती या उशिराची.

तेल कातडीतच अडतं. रक्तात गेलेलं औषधसुद्धा मेंदूत सहज शिरत नाही, कारण तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि बहुतेक रेणू अडवतात. कंपवातात (पार्किन्सन) डोपामाइन हे मेंदूत निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं, पण ते गोळीतून दिलं तरी मेंदूत पोचत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. अमिनो आम्लं वाहून नेणारी प्रथिनं त्याला आत घेतात आणि आत त्याचं डोपामाइन होतं.

औषध थेट मेंदूच्या पेशींत सोडायचं तर बहुधा शस्त्रक्रियाच लागते. एएडीसी या, मेंदूत डोपामाइन तयार करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जन्मजात कमतरतेत कवटीला बारीक छिद्रं पाडून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत नवं जनुक आत पोचवतात. युरोपात या उपचाराला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली.

बाळाच्या टाळूला तेल लावा, हलक्या हाताने. पण कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर लगेच १०८ ला फोन करा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.