नेत्रमापन (बायोमेट्री)

नेत्रमापन : डोळ्याची पुढून मागची लांबी, पारपटलाची (बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याची) वक्रता आणि भिंगापुढच्या पोकळीची खोली मोजण्याची तपासणी. नाशिकच्या नेत्ररुग्णालयांत रुग्णांच्या तोंडी हिचे नाव ‘लेन्सचा नंबर काढणे’. मोतीबिंदू काढल्यावर कोणत्या नंबरचे भिंग बसवायचे, ते हिच्यावरून ठरते. प्रौढ डोळा सरासरी २३.५ मिमी लांब असतो. मोजताना १ मिमी चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने हुकतो, ०.१ मिमीला पाव नंबर.

१९४९ मध्ये लंडनला हॅरल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले, तेव्हा लांबी मोजायची सोयच नव्हती आणि रुग्णाला मोठा उणे नंबर आला. १९५० च्या दशकात श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून लांबी मोजणारा ए-स्कॅन आला. १९९९ पासून आयओएलमास्टर हे यंत्र डोळ्याला न टेकता प्रकाशाने मोजू लागले. स्वेप्ट-सोर्स ओसीटीची (प्रकाशाने डोळ्याच्या आतले चित्र काढणाऱ्या पद्धतीची) आजची यंत्रे पारपटलापासून दृष्टिपटलापर्यंतचा (डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंतचा) छेदच पडद्यावर दाखवतात.

तरी ए-स्कॅन अडगळीत टाकता येत नाही. पेठ, सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यातले रुग्ण पुष्कळदा मोतीबिंदू पांढराफटक पिकल्यावरच नाशिक गाठतात. त्यातून प्रकाश आरपार जात नाही, ध्वनी जातो. मात्र क्रम पाळावा लागतो : आधी वक्रता (के रीडिंग), मग बधिर करणारा थेंब, शेवटी प्रोब (ए-स्कॅनची डोळ्याला टेकवायची कांडी). थेंबाने किंवा स्पर्शाने पृष्ठभाग बिघडला की वक्रतेचे आकडे डळमळतात. प्रोब नुसता टेकवायचा. जरा दाबला तरी पारपटल चेपते, लांबी ०.१ ते ०.३ मिमी कमी भरते, जादा ताकदीचे भिंग निवडले जाते आणि रुग्ण उणे नंबर घेऊन घरी जातो. पाण्याच्या कपातून मोजणारी इमर्शन पद्धत हा दाब टाळते. थोडा वेळ जास्त लागला, तरी तीच वापरावी. पडद्यावर पारपटल, भिंगाच्या दोन बाजू आणि दृष्टिपटल यांच्या प्रतिध्वनीची शिखरे उंच हवीत. दृष्टिपटलाचे शिखर सरळ उभे चढले पाहिजे. ते तिरके किंवा पायऱ्यापायऱ्यांचे दिसले, तर प्रोब अक्षावर नाही.

गणिताचा जुना साचा १९८० चा एसआरके : भिंगाचा स्थिरांक − २.५ × लांबी − ०.९ × वक्रता. स्थिरांक (भिंगाच्या प्रकारानुसार ठरलेला आकडा) ११८.४, लांबी २३.५ मिमी आणि वक्रता ४३.५ डायॉप्टर (नंबराचे एकक) घेतली, तर २०.५ चे भिंग येते. फार आखूड वा फार लांब डोळ्यांत हा साचा चुकतो, म्हणून आता बॅरेटसारखी सूत्रे वापरतात.

दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत सिलिकॉन तेल भरलेला डोळा सर्वांत फसवा. तेलात ध्वनी सेकंदाला सुमारे ९८० मीटर जातो, नेत्रजलात १,५३२. यंत्रात वेग बदलला नाही, तर २३ मिमीचा डोळा ३० च्या पुढे दिसतो. लेसिक (चष्मा घालवण्यासाठी लेसरने पारपटलाचा आकार बदलणारी शस्त्रक्रिया) झालेल्यांची वक्रताही नेहमीच्या पद्धतीने चुकीची येते; त्यामुळे आधीचे ऑपरेशन विचारल्याशिवाय मोजायला बसू नये. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स निदान आठवडाभर आधी काढलेल्या हव्यात, कडक असतील तर दोन-तीन आठवडे. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिमीहून जास्त फरक आला, तर दोन्ही डोळे पुन्हा मोजावेत, शक्यतो दुसऱ्या तपासनिसाकडून.