अरबी समुद्रातलं प्लास्टिक एका जागी का थांबत नाही?

२५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज कोचीजवळच्या समुद्रात बुडालं. त्यातल्या काही कंटेनरांत प्लास्टिकचा दाणा होता. बादल्या, पिशव्या, बाटल्यांची झाकणं ज्यापासून बनतात, तो हा कच्चा माल. साबुदाण्याएवढा, पांढरट आणि पाण्यावर तरंगणारा. काही दिवसांतच तो तिरुवनंतपुरमच्या वाळूत सापडू लागला. कोचीहून तो दक्षिणेलाच गेला, यात योगायोग नव्हता. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यात तोच उलटा फिरून उत्तरेकडे येतो.

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. दाणा मुळातच लहान असतो. बाकीचं बरंचसं सूक्ष्मप्लास्टिक मोठ्या वस्तू उन्हाने ठिसूळ होऊन, लाटांनी फुटून तयार होतं. पुढे ते कुठे जाणार, हे प्रवाह ठरवतात.

उत्तर पॅसिफिकमध्ये वाऱ्यांचा मोठा पट्टा वर्षभर साधारण एकाच तऱ्हेने वाहतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने उत्तर गोलार्धात वरच्या थरातलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं आणि प्रवाहांच्या प्रचंड चक्राच्या मध्याकडे गोळा होतं. गोळा झालेलं पाणी सावकाश खाली उतरतं, पण तरंगणारं प्लास्टिक वरच राहतं आणि साठत जातं. १९९७ मध्ये हवाईहून कॅलिफोर्नियाला परतताना नौकानयनपटू चार्ल्स मूर यांना हा कचरा दिसला. २०१८ च्या एका अभ्यासाने त्याचा अंदाज मांडला: सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर पसारा, ७९ हजार टन वजन आणि १ लाख ८० हजार कोटी तुकडे. त्यातले ९४ टक्के तुकडे सूक्ष्मप्लास्टिकचे, पण वजनात त्यांचा वाटा जेमतेम ८ टक्के. याला 'कचऱ्याचं बेट' म्हणणं मला चुकीचं वाटतं. तिथे पाय ठेवण्याजोगं काही नाही. साध्या नजरेला बहुतेक ठिकाणी नुसतं पाणीच दिसतं. बारीक जाळं ओढलं की तुकडे हाती लागतात.

सगळं प्लास्टिक वर राहतही नाही. शैवाल आणि बारीक जीव चिकटले की तुकडा जड होऊन बुडतो. तळाशीही प्रवाह असतात आणि तेही कचरा ठरावीक जागी नेऊन टाकतात. इटलीजवळच्या टायरेनियन समुद्राच्या तळावर एका चौरस मीटरमध्ये १९ लाखांपर्यंत तुकडे आढळल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराचा प्रकार वेगळा आहे. इथे उत्तरेला जमीन आडवी आहे आणि वारे ऋतूप्रमाणे दिशा बदलतात. त्यामुळे पॅसिफिकसारखं कायमचं चक्र इथे बनत नाही. प्रवाहांच्या संगणकीय प्रतिमानांनुसार उत्तर हिंदी महासागरातलं बरंचसं तरंगतं प्लास्टिक शेवटी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला लागतं. आपल्या नद्या-खाड्यांतून गेलेला कचरा परत आपल्याच वाळूत येऊ शकतो, किंवा शेजाऱ्याच्या. मे-जून २०२१ मध्ये कोलंबोजवळ पेटून बुडालेल्या 'एक्स-प्रेस पर्ल' जहाजावर असा सुमारे १,६८० टन दाणा होता. श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर लोकांना वाळू अक्षरशः चाळणीने चाळावी लागली.

म्हणून भर समुद्रात जाळी ओढण्याच्या योजना इथे फारशा उपयोगाच्या नाहीत, असं माझं ठाम मत आहे. दाणा किनाऱ्याला लागला की भरतीच्या रेघेवर, शेवाळ आणि काटक्यांच्या गुंत्यात सापडतो. तो तिथून लगेच उचलायला हवा, कारण पुढच्या उधाणाला त्यातला बराचसा पुन्हा पाण्यात जातो.