इमान कथाईन जास?

शेजारच्या जिजीचा नातू सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीला. दिवाळीला दिल्लीमार्गे जळगावला आला, तेव्हा जिजीनं विचारलं, "इमान कथाईन जास रे, भाऊ?" म्हणजे विमान कुठून जातं? घरातल्या निम्म्यांनी पश्चिमेला बोट दाखवलं, निम्म्यांनी पूर्वेला. दिल्लीहून सगळ्यांत जवळची वाट मात्र उत्तरेला, म्हणजे जळगावातून सातपुडा ज्या बाजूला आहे त्या दिशेला तोंड करून निघते.

पटत नसेल तर एक मोसंबी घ्या. (भरताचं वांगं चालणार नाही, ते लांबट असतं.) देठ म्हणजे उत्तर ध्रुव. मोसंबीचा मधला घेर म्हणजे विषुववृत्त. देठापासून त्या घेरापर्यंतच्या वाटेत साधारण दोन तृतीयांश उतरून एक टाचणी दिल्लीची. जवळजवळ पलीकडच्या अंगाला, थोडी वर, दुसरी सॅन फ्रान्सिस्कोची. दोघींमध्ये दोरा ताणा. तो आडवा राहतच नाही, सरकत देठाजवळ जातो. खऱ्या पृथ्वीवर ही वाट सुमारे 12,400 किलोमीटरची आणि 75 अंश उत्तरेच्याही वर, आर्क्टिकवरून जाणारी. भिंतीवरचा सपाट नकाशा ध्रुवाकडचा भाग नको तितका ताणतो, म्हणून ती आपल्याला तिथे दिसत नाही.

जिजीचा पुढचा प्रश्न मला जास्त आवडला: पृथ्वी फिरते, तर इमान वर नुसतं थांबवलं की झालं ना? नाही. भुसावळहून सुटलेल्या गाडीच्या डब्यात उडी मारली तर माणूस मागच्या डब्यात पडत नाही, जागेवरच उतरतो. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं.

पण ही हवा स्वतःही वाहते. उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या तापमानातला फरक, त्यात पृथ्वीचं फिरणं, यामुळे साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत धावतात. यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानच्या वासाबुरो ओईशींनी फुगे सोडून ते 1920च्या दशकातच मोजले होते. अहवाल मात्र एस्पेरान्तो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत लिहिला, मग कोण वाचणार! आषाढातल्या वाऱ्यात तापीच्या पुलावरून सायकल चालवलेल्याला पुढचं सांगायला नको. जाताना छातीवर वारा, येताना पाठीवर. पूल तेवढाच, वेळ निराळा. ताशी 900 किलोमीटरनं उडणाऱ्या विमानाला मागून 100चा वारा मिळाला तर जमिनीवरून त्याचा वेग 1,000 होतो. समोरून आला तर 800.

म्हणूनच 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पश्चिमेला अटलांटिकवरून नेण्याऐवजी पूर्वेला, प्रशांत महासागरावरून नेलं, म्हणजे वारा पाठीवर. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झालं, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं. पूर्वीच्या वाटेपेक्षा हजारावर किलोमीटर जास्त उडूनही वेळ कमीच.

जिजीनं हे सगळं ऐकलं, टाचण्या काढल्या आणि मोसंबी सोलून नातवाच्या हातात दिली.