कृष्णवर्णीय चर्चमधील बहुवंशीय मंडळी

अमेरिकेतील आफ्रिकन-अमेरिकन लोकांनी स्वतः उभारलेल्या चर्चमध्ये इतर वंशांच्या माणसांना बरोबरीने सामावून घेण्याची परंपरा, आणि त्यासाठी आजही चाललेले प्रयत्न. 'मंडळी' हा शब्द येथे मराठी ख्रिस्ती समाजात रुळलेल्या अर्थाने, म्हणजे एका चर्चमध्ये नेमाने एकत्र उपासना करणारा समुदाय या अर्थाने घेतला आहे. ज्या मंडळीत कोणत्याही एका वंशाचे लोक ८० टक्क्यांहून जास्त नाहीत तिला अभ्यासक सर्वसाधारणपणे बहुवंशीय म्हणतात. या मापाने मोजले तर बहुतेक कृष्णवर्णीय मंडळ्या एकवंशीयच भरतात. मात्र त्या तशा का झाल्या हे न बघता नुसता आकडा वाचणे अन्यायाचे आहे.

ही चर्च वेगळी निघाली ती कोणाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे, तर ज्यांना बाहेर काढले गेले त्यांना गुडघे टेकायला जागा हवी होती म्हणून. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज या मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) चर्चमध्ये रिचर्ड ॲलन आणि अॅब्सलम जोन्स हे दोघे गोऱ्यांबरोबर उपासना करत. एका रविवारी प्रार्थना चालू असतानाच तिथल्या कारभाऱ्यांनी जोन्स यांना धरून उठवायला सुरुवात केली, कारण ते गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसले होते. 'प्रार्थना संपेपर्यंत तरी थांबा,' असे जोन्स म्हणाले. कारभारी थांबले नाहीत. प्रार्थना संपली तसे सगळे कृष्णवर्णीय उपासक एकदम उठून बाहेर पडले. ॲलन यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग १७८७ चा सांगितला आहे. काही इतिहासकार तो १७९२ च्या सुमाराचा मानतात. ॲलन यांनी एका लोहाराचे जुने दुकान घोडे लावून आपल्या जागेवर ओढून आणले आणि १७९४ मध्ये तिथे बेथेल चर्च सुरू झाले. त्यातूनच १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च (एएमई) हा स्वतंत्र पंथ उभा राहिला आणि ॲलन त्याचे पहिले बिशप झाले. या पंथाच्या जुन्या ब्रीदवाक्यात 'देव आमचा पिता, ख्रिस्त आमचा तारणारा' याच्या जोडीला 'मनुष्य आमचा बंधू' असे शब्द होते. मनुष्य म्हणजे कोणत्या रंगाचा, हे त्यात सांगितलेले नव्हते.

पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनी हा फरक मोजक्या शब्दांत मांडला. रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतला सर्वांत विभागलेल्या तासांपैकी एक, असे त्यांनी १९६० मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत म्हटले. त्यावर, तुमच्या स्वतःच्या चर्चमध्ये गोरे सभासद किती, असा प्रश्न आला. आमचे चर्च विभागलेले आहे पण विभागणारे नाही, गोरे सभासद आले तर त्यांचे स्वागतच होईल, अशा अर्थाचे उत्तर किंग यांनी दिले. पुष्कळ कृष्णवर्णीय मंडळ्यांची स्थिती आजही हीच आहे.

या परंपरेतला सर्वांत तेजस्वी काळ लॉस एंजेलिसमध्ये येऊन गेला. विल्यम सेमूर हे लुइझियानातल्या गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचे पुत्र. ह्यूस्टनमध्ये चार्ल्स पार्हम या गोऱ्या उपदेशकाच्या बायबल शाळेत शिकायला गेले, तेव्हा टेक्सासच्या वंशभेदाच्या रीतीमुळे त्यांना वर्गात जागा मिळाली नाही. बाहेरच्या बोळात बसून, किलकिल्या दारातून जे ऐकू येईल ते ते ऐकत. १९०६ च्या फेब्रुवारीत हेच सेमूर लॉस एंजेलिसला आले. बॉनी ब्रे रस्त्यावरच्या एका घरात मोलमजुरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांच्या प्रार्थनासभा भरत होत्या. गर्दी घरात मावेना तेव्हा त्यांनी ३१२, अझुसा स्ट्रीट ही पडीक इमारत भाड्याने घेतली. मुळात ते एएमई पंथाचेच चर्च होते. नंतर तिथे तबेला आणि गोदाम झाले होते. खिळ्यांच्या पिंपांवर फळ्या टाकून बाके केली. व्यासपीठ म्हणून बुटांची दोन रिकामी लाकडी खोकी एकावर एक ठेवली. सभा चालू असताना सेमूर पुष्कळदा वरच्या खोक्यात डोके घालून प्रार्थना करत बसत, असे फ्रँक बार्टलमन या गोऱ्या उपदेशकाने लिहून ठेवले आहे.

त्या फळ्यांवर कृष्णवर्णीय धुणेवाल्या, गोरे पाळक, मेक्सिकन मजूर, नुकतेच आलेले युरोपीय स्थलांतरित खांद्याला खांदा लावून बसले. दक्षिणेतून आलेले गोरे गृहस्थ कृष्णवर्णीय स्त्रियांपुढे गुडघे टेकत आणि त्या त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. शेजारी बसून जेवणेही जिथे अनेक राज्यांत निषिद्ध होते, त्या देशात हे घडत होते. रंगाची रेघ ख्रिस्ताच्या रक्तात धुऊन गेली, असे बार्टलमनने नोंदवले. याच बार्टलमनने या जागृतीची, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवातून उसळलेल्या भक्तीच्या या लाटेची, जी वंशावळ दिली, ती मराठी वाचकाच्या ओळखीची आहे: ती वेल्सच्या पाळण्यात झोके घेत होती, भारतात वाढली आणि लॉस एंजेलिसमध्ये मोठी झाली. यातला भारत म्हणजे प्रामुख्याने पंडिता रमाबाईंचे केडगाव. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये विधवा आणि अनाथ मुलींमध्ये अशीच जागृती झाली होती आणि तिच्या बातम्या अमेरिकेत पोहोचल्या होत्या. दोन्हीकडे पुढाकार होता तो समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसांचा, हे साम्य मला फार मोलाचे वाटते.

ते दिवस टिकले नाहीत. ऑक्टोबर १९०६ मध्ये पार्हम स्वतः पाहायला आले आणि वंशांची ही सरमिसळ बघून संतापून गेले. पुढच्या काही वर्षांत बरेच गोरे कार्यकर्ते आपापल्या वेगळ्या मंडळ्या काढून निघून गेले, आणि सेमूर यांच्या मासिकाच्या वर्गणीदारांच्या याद्याही त्यांच्या हातून गेल्या. अखेर १९१५ मध्ये सेमूर यांनी आपल्या मंडळीच्या नियमावलीत नेतृत्वाची पदे कृष्णवर्णीयांकडेच राहतील असे कलम घातले. गोऱ्यांना सभासद म्हणून दार मोकळे होतेच. या कलमासाठी सेमूर यांना कोणी संकुचित म्हटले, तर त्याने आधी ह्यूस्टनचा तो बोळ आठवावा. पाहुण्यांनी घराचाच ताबा मागितल्यावर यजमानाने किल्ली कमरेला लावली, एवढेच ते होते.

अझुसा स्ट्रीटहून परतलेल्या चार्ल्स मेसन यांनी मेम्फिसमध्ये 'चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट' हा मोठा कृष्णवर्णीय पंथ वाढवला. आरंभीच्या वर्षांत अनेक गोऱ्या पाळकांनी मेसन यांच्या हातूनच पाळकपदाची दीक्षा घेतली होती. १९१४ मध्ये यांतले बरेच जण नव्या, मुख्यतः गोऱ्या 'असेंब्लीज ऑफ गॉड' या संघटनेत गेले. गोऱ्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) पंथांनी १९४८ मध्ये जो महासंघ केला त्यात कृष्णवर्णीय पंथ नव्हते. १९९४ मध्ये मेम्फिसच्या परिषदेत तो विसर्जित करून सर्वांचा मिळून नवा संघ स्थापन झाला. त्या वेळी एका गोऱ्या पाळकाने एका कृष्णवर्णीय बिशपांचे पाय धुतले.

याच प्रश्नाची दुसरी वाट हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मशास्त्रज्ञांनी शोधली. १९३५-३६ मध्ये ते भारतात आले, बार्डोलीला गांधीजींना भेटले, आणि ख्रिस्ती धर्म स्वतःच्या घरातला वंशभेद का मोडत नाही हा प्रश्न सोबत घेऊन परतले. १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आल्फ्रेड फिस्क या गोऱ्या पाळकाबरोबर त्यांनी 'चर्च फॉर द फेलोशिप ऑफ ऑल पीपल्स' सुरू केले. पण ते पहिल्यापासून मिश्र म्हणूनच बांधलेले चर्च होते. जुन्या कृष्णवर्णीय मंडळीपुढचा पेच वेगळा असतो.

तो पेच असा. अमेरिकेत बहुवंशीय मंडळ्या वाढल्या आहेत, पण ही ये-जा एकाच दिशेने होते: कृष्णवर्णीय माणसे गोऱ्या चर्चमध्ये जातात, गोरी माणसे कृष्णवर्णीय चर्चमध्ये फारशी येत नाहीत. शिवाय मिश्र मंडळीत उपासनेची लांबी, गाण्याचा ढंग, कोणत्या विषयावर बोलायचे आणि कोणत्या नाही, हे हळूहळू गोऱ्यांच्या सवयीप्रमाणे ठरत जाते असे दिसते. आठवडाभर दुसऱ्यांच्या तंत्राने वागून दमलेल्या माणसाला रविवारी मोकळेपणी रडता, ओरडता, टाळ्या वाजवता येतील अशी ही एक जागा असते. ती मऊ, मवाळ करून पाहुणे मिळवले तर जुन्या सभासदांचे घर गेले आणि पाहुण्यांनाही जे शोधत आले ते मिळाले नाही.

स्वागताची रीत मात्र या चर्चला नव्याने शिकावी लागत नाही. पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक दारात उभे असतात आणि हाताला धरून जागेवर नेतात. नवख्यांना उभे राहायला सांगून साऱ्या मंडळीतर्फे त्यांचे नाव घेतले जाते. उपदेश संपला की पाळक खाली उतरतो, हात पसरतो आणि म्हणतो, 'चर्चची दारे उघडी आहेत.' पुष्कळ ठिकाणी त्या वेळी वेदीपुढे एकदोन रिकाम्या खुर्च्या मांडतात. ज्याला सभासद व्हायचे आहे त्याने चालत यायचे आणि तिथे बसायचे. गायकवृंद हळू आवाजात गात राहतो, कोणी उठते का याची सगळे वाट बघतात. कोणी उठले की टाळ्या आणि 'आमेन' यांनी चर्च भरून जाते.

या खुर्चीपर्यंत येणारा आणि नुसता बाकावर बसून जाणारा यांच्यात फरक असतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या १८०८ साली स्थापन झालेल्या अॅबिसिनियन बाप्टिस्ट चर्चसमोर गॉस्पेल गाणी ऐकायला आलेल्या पर्यटकांच्या रांगा लागत आल्या आहेत. त्याच चर्चमध्ये १९३०-३१ मध्ये डीट्रिख बॉनहोफर हा तरुण जर्मन धर्मशास्त्रज्ञ येत असे. त्याने तिथे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवले, सभासदांच्या घरी गेला-आला आणि परतताना कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांच्या तबकड्या जर्मनीला नेल्या. पुढे नाझी राजवटीच्या विरोधात उभे राहताना त्याने आपल्या विद्यार्थ्यांना त्या ऐकवल्या. पाहुण्याने कसे यावे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही: तो शिकवायला बसला, पण त्याआधी शिकायला बसला होता.

दार उघडे ठेवण्याची किंमत काय असते ते दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या इमॅन्युएल एएमई चर्चने भोगले आहे. १७ जून २०१५ रोजी, बुधवारच्या बायबल अभ्यासाला एक अनोळखी गोरा तरुण आला. पाळक क्लेमेंटा पिंकनी यांनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतले. त्या संध्याकाळी मार्ककृत शुभवर्तमानातला पेरणाऱ्याचा दाखला वाचायला घेतला होता. सुमारे तासभर तो बसून राहिला आणि शेवटच्या प्रार्थनेसाठी सर्वांनी डोळे मिटले तेव्हा त्याने गोळ्या झाडल्या. पिंकनी यांच्यासह नऊ जण गेले. दोनच दिवसांनी, न्यायालयात, काही मृतांच्या नातलगांनी त्याला क्षमा केल्याचे सांगितले. सर्वांना ते जमले नाही, आणि तसे कोणी मागूही नये. रविवारी चर्च उघडले. पुढच्या बुधवारी तिथे पुन्हा बायबल अभ्यास भरला, आणि या खेपेला आलेल्यांत कृष्णवर्णीय होते तसे गोरेही होते.