आधी दारू सोडा, मगच मीटिंगला जा?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांबद्दल ‘दारू पूर्ण सुटल्याशिवाय मीटिंगला घेत नाहीत, नाव-पत्ताही लिहून घेतात’ हा समज गोव्यात जुना आहे. प्रत्यक्षात या गटांची अट एकच: दारू सोडायची इच्छा. फी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही. बोलावंसं वाटलं नाही तर मागच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकावं. खात्री करायची तर गटाला फोन करून ‘ओपन मीटिंग कधी, कोकणीत की मराठीत?’ एवढं विचारा; तिथं घरच्यांनाही बसता येतं.

उलट, रोज भरपूर पिणाऱ्यानं मीटिंगसाठी दारू एकदम तोडणं धोक्याचं! हात थरथरतात, फिट येऊ शकते. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन मोफत आहे.