सायकल दुरुस्तीची घरगुती हत्यारे

सायकलची नित्याची देखभाल व किरकोळ दुरुस्ती घरच्या घरी करण्यासाठी लागणारे पाने, चाव्या, पेचकस व मापके यांचा संच. यात सर्वसाधारण यंत्रकामाची हत्यारे येतात, तशीच फक्त सायकललाच लागणारी काही खास हत्यारेही येतात [→ सायकल]. हवा भरणे, पंक्चर काढणे व तेलपाणी ही कामे सर्वपरिचित आहेत. पंप निवडताना त्याचे तोंड श्रेडर, प्रेस्टा वा डनलॉप यांपैकी आपल्या ट्यूबला असलेल्या व्हॉल्व्हशी जुळते की नाही, एवढे पाहावे.

संच कोणता घ्यावा हे सायकलवरील नटबोल्टच ठरवतात. जुन्या धाटणीच्या सायकलींत बाहेरून षट्कोनी माथा असलेले नट अधिक असतात. चाकाच्या ॲक्सलच्या नटाला बहुधा १५ मिमी. पाना लागतो. सरकत्या जबड्याचा पाना सगळीकडे चालतो खरा. पण त्याचा जबडा थोडा सैल बसतो आणि घट्ट नटाचे कोपरे झिजवतो. नव्या सायकलींत माथ्याच्या आत षट्कोनी खाच असते. तिच्यासाठी २ ते ८ मिमी. मापांच्या ॲलन चाव्या लागतात आणि त्यांतल्या ४, ५ व ६ मिमी.च्या चाव्या सर्वाधिक वापरात येतात. अशा खाचेची कल्पना एकोणिसाव्या शतकातली मानली जाते. ती घाऊक उत्पादनात आणण्याचे श्रेय सामान्यतः हार्टफर्ड (कनेक्टिकट) येथील विल्यम ॲलन यांच्या १९१० च्या एकस्वाला (पेटंटला) देतात.

पायडलच्या आट्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि हत्यार हाती घेण्यापूर्वी तो समजून घेणे इष्ट. उजव्या पायडलला सुलटे (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास घट्ट होणारे), तर डाव्याला उलटे आटे असतात. छऱ्यांच्या घर्षणाने पायडल क्रँकमधून (पायडल ज्याला जोडतात त्या दांड्यातून) उलगडू नये म्हणून ही योजना, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते टिकत नाही. चालत्या सायकलीत घर्षणाचा ओढा दोन्ही बाजूंना उलगडण्याच्याच दिशेने असतो. मात्र क्रँकच्या भोकात पायडलचा आस अत्यंत सूक्ष्म प्रमाणात सैल असतो आणि पायाचा भार क्रँकच्या सापेक्ष फिरत राहतो. त्यामुळे आस भोकाच्या आतल्या कडेवर घरंगळत भार फिरतो त्याच्या विरुद्ध दिशेला कणाकणाने वळतो. हा परिणाम घर्षणाला पुरून उरतो व पायडल घट्ट होत जाते. या उलट्या आट्यांचे श्रेय १९०० च्या सुमारास डेटन (ओहायओ) येथे सायकली बनवणाऱ्या ऑर्व्हिल व विल्बर राइट या बंधूंना देण्याची प्रथा आहे. परंतु घोडागाडीच्या डाव्या चाकाच्या नटाला उलटे आटे पाडण्याची रीत त्याआधीची आहे. हे पाहता त्यांनी ज्ञात तत्त्व पायडलला लावले वा रूढ केले, इतकेच म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते असे : पाना आसावर वरच्या बाजूने उभा धरून सायकलच्या मागच्या अंगाला ओढला की दोन्हीकडची पायडले सुटतात. पाना १५ मिमी., पातळ व लांब दांड्याचा असावा.

बॉटम ब्रॅकेटमध्ये (दोन्ही क्रँकना जोडणारा आस चौकटीत जिथे फिरतो तिथे) भार फिरण्याची दिशा बदलते, म्हणून ब्रिटिश मापाच्या (१.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे) रचनेत उलटे आटे उजव्या कपाला (छरे धरणाऱ्या आटेदार वाटीला) असतात. इटालियन रचनेत (३६ मिमी.) दोन्ही कप सुलट्या आट्यांचे असतात, त्यामुळे उजवा कप विशेष आवळावा लागतो. माप ओळखल्याशिवाय कपाचे हत्यार विकत घेऊ नये.

चेन ‘ताणली’ असे म्हणतात, तेव्हा तिच्या पट्ट्या लांबलेल्या नसतात. पिना व बुश झिजलेले असतात. पिनेपासून पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच (१२.७ मिमी.) असल्याने नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. पोलादी पट्टीवर शेवटची पिन १/१६ इंच पुढे गेली, तर चेन बदलावी. १/८ इंच गेली असेल, तर दातेरी चक्रेही बहुधा झिजलेली असतात. वेगळे मापक नसले तरी चालते. चेनची पिन ढकलून ती तोडणारा चेन कटर मात्र लागतोच.

स्पोकच्या निपलांची (स्पोक रिमला ताणून धरणाऱ्या छोट्या नटांची) प्रचलित मापे ३.२३, ३.३० व ३.४५ मिमी. अशी असून फरक डोळ्यांना दिसत नाही. अनेक खाचांची गोल चावी स्वस्त पडते. पण चुकीची खाच लागली की निपलाचे कोपरे गोल होतात. आपल्या मापाची एकच चावी घेणे बरे. हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) कोनसाठी, म्हणजे छऱ्यांवर दाबून बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या नटासाठी, सुमारे २ मिमी. जाडीचे पाने मिळतात. नेहमीचा पाना त्या फटीत जात नाही. जपानी बनावटीच्या गिअरवरील फुलीच्या स्क्रूंची खाच फिलिप्स खाचेहून किंचित वेगळी असू शकते. अशा वेळी पेचकस उसळून खाच खरवडली जाते.

कार्बन तंतूंच्या सुट्या भागांसाठी टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) आवश्यक समजतात. किती आवळायचे हे बहुधा त्या भागावरच न्यूटन मीटरमध्ये छापलेले असते. डिस्क ब्रेकच्या सहा बोल्टांच्या तबकड्यांना टी-२५ मापाची, चांदणीच्या आकाराच्या टोकाची चावी लागते.